पिवळी जर्सी

काचबिंदूनं हिंदुराव साळोख्यांची नजर इतकी गेली होती, की मैदानावर त्यांना नुसते रंग दिसायचे. तालमीच्या फुटबॉल संघाची पिवळीधमक जर्सी मात्र लांबूनही कळायची. तेवढ्यावर ते अख्खी मॅच बघायचे.

यंदा संघ एका बिल्डरनं विकत घेतला आणि जर्सी त्याच्या कंपनीच्या रंगाची, हिरवी केली. हिंदुराव पेठेतल्या चारशे लोकांच्या सह्या घेऊन त्याच्या ऑफिसात गेले. "काका, रंगात काय आहे? पोरं तीच आहेत ना," म्हणत मॅनेजरनं त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

पहिल्या मॅचला मुलगी शैला त्यांना हाताला धरून घेऊन गेली. खेळ सुरू झाला. हिरव्या गवतावर त्यांना समोरच्या संघाचे लाल ठिपके तेवढे पळताना दिसत होते.

"शैला, आपली पोरं अजून आली न्हाईत व्हय?"

"आल्यात की, आबा. खेळाय लागल्यात."

तेवढ्यात सगळं मैदान ओरडलं. "गोल झाला, आबा. आपल्या पोरांनी मारला," शैला म्हणाली.

हिंदुराव काठी चाचपत उठले.

"चल घरला," ते म्हणाले. "मला हितं आपलं कुणीच दिसंना."