गायरानाची दोन पानं

चाळीस मिनिटं झाली तरी गायरान आलं नव्हतं. दुसऱ्या रांगेतला आश्रुबा सरकत सरकत खुर्चीच्या कडेवर आला होता.

व्यासपीठावर वाचत असलेल्या हरिओमने नजर कागदावरून हलवली नाही. विद्यापीठाच्या बहिःशाल व्याख्यानमालेतलं हे व्याख्यान गावकऱ्यांनाही खुलं होतं. विषय होता, ‘सामाईक जमीन आणि राज्यसंस्था’. त्याची तयारी करताना तो चार दिवस आश्रुबाच्या मेंढरांमागे हिंडला होता. गावच्या गायरानाला कुंपण कसं पडलं, कधी न भरलेल्या ग्रामसभेचा ठराव कागदावर कसा आला, सगळं आश्रुबाने सांगितलं होतं. तेव्हापासून सोळा घरांची मेंढरं डांबरी सडकेच्या कडेला चरत होती. त्यातली दोन मेंढरं ट्रकखाली गेली. सर भर सभेत आपल्या गावाचं नाव घेणार, असं आश्रुबा घरोघरी सांगून आला होता.

मग प्राचार्यांचा फोन आला. व्याख्यानाची लेखी प्रत तीन दिवस आधी पाठवा, एवढंच ते म्हणाले. कुंपण घालणारा कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा होता. नऊ वर्षं तासिकेवर शिकवणाऱ्या हरिओमची कायम जागेसाठीची मुलाखत पुढच्या महिन्यात त्याच संस्थेत होती. प्रत गेली. आज समोर जे व्याख्यान होतं, त्यात गायरानाची दोन पानं नव्हती.

टाळ्या झाल्या, आभार झाले. व्हरांड्यात आश्रुबाने गाठलंच.

“सर, आमचं राह्यलं का वो?”

“प्राचार्यांनी काढायला लावलं, आश्रुबा. माझे हात बांधलेले होते.”

आश्रुबाने मान हलवली. सरांना दोष नाही म्हणाला. मग चपला दाराशी काढून तो थेट प्राचार्यांच्या दालनात शिरला. हरिओमला मागे जावंच लागलं.

प्राचार्य चहा घेत होते. आश्रुबाने उभ्या उभ्याच विचारलं, आमच्या गायरानाची पानं का काढली. प्राचार्य गोंधळले. कसली पानं, म्हणाले. टेबलाचा खण उघडून त्यांनी एक पाकीट काढलं. पुस्तिकेत छापायला प्रत मागवली होती, पण छापखान्याकडे अजून गेलीच नाही, असं ते सांगत होते. पाकीट चिकटवलेलं होतं. चिकटवलेल्या कडेवर, परीक्षेच्या गठ्ठ्यावर करतात तशी, हरिओमची आडवी सही होती. सहीची रेघ कुठेच तुटलेली नव्हती.

आश्रुबाने पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला. मग दोन्ही हातांनी ते हरिओमपुढे धरलं.

“फोडा की, सर. ह्यांनी कुठं कापलंय ते दावा मला.”