न दिसणारं कासव

"आमच्या घराण्यात नजर कधी कुणाची कमी पडलेली नाही," अण्णासाहेबांनी डॉक्टरांना ठणकावलं. डॉक्टर अजून यायच्या होत्या. समोरचा माणूस एसी दुरुस्त करायला आला होता.

सून रेवतीने त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. ऑफिसात हाफ डे टाकून ती आली होती. मध्ये नात क्षिप्रा, उजव्या डोळ्यावर पट्टी. तो चांगला डोळा. डावा आळशी. चांगल्याला घरी बसवलं की आळशाला काम करावंच लागतं. सरकारी खात्यात हे जमत नाही, डोळ्यांत जमतं. पण वय उलटलं की तो डोळा शिकणं कठीण, असं डॉक्टरांनी मागच्या खेपेला बजावलं होतं. क्षिप्राला सातवं लागलं होतं.

शिकवणी अण्णासाहेबांनी स्वतःकडे घेतली. दिल्लीच्या द्वारका भागातल्या आपल्या फ्लॅटच्या उंबरठ्याशी दिल्ली संपते, असा त्यांचा नियम. रोज संध्याकाळी पट्टी लावून ते नातीला चित्रं दाखवत. उत्तर आपण सांगायचं नाही, नाहीतर पोर पाठ करते, ही शिस्त.

मांजर दिसे. हत्ती दिसे. कोपऱ्यातली मुंगीसुद्धा दिसे. कासव धरलं की पोरगी गप्प. खार, गप्प. कणीस, गप्प. शेवटी त्यांनी ताटाएवढं कासवाचं चित्र काढून आणलं. ती नुसती बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

"तिला जग तुकड्यातुकड्यांनी दिसतंय," अण्णासाहेब सुनेला हळूच म्हणाले. तेव्हापासून रेवतीला झोप नव्हती.

डॉक्टर आल्या. तक्त्यावरच्या खुणांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत, ते क्षिप्राने बोटाने दाखवलं, पार खालच्या ओळीपर्यंत. डॉक्टर खूश झाल्या. पट्टीचा वेळ आता कमी करू, म्हणाल्या.

अण्णासाहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी पिशवीतून कासव काढलं.

क्षिप्रा गप्प.

डॉक्टरांनी पट्टी काढली. दोन्ही डोळे उघडे. तरी गप्प.

मग डॉक्टरांनी वाकून आपला कान पुढे केला. क्षिप्राने एकदा आजोबांकडे पाहिलं आणि कुजबुजली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू:

"आंटी, घर पे हिंदी अलाउड नहीं है. कछुए को मराठी में क्या बोलते हैं, आप बता दो ना."