तिसरी खुर्ची

"तिथलं सूप मस्त आणि स्वस्तही आहे. तुम्ही बसा, मी निघालोच," बर्लिनमध्येच राहणाऱ्या लेकाचा मेसेज आला. पाच दिवसांत त्यानं सुचवलेलं हे पाचवं रेस्टॉरंट. एकही वाईट निघालं नाही. उद्या आमचं परतीचं विमान.

हिनं रोजच्यासारखी तिसऱ्या खुर्चीवर पर्स ठेवली. पर्समध्ये त्याच्यासाठी आणलेला कडबोळ्यांचा डबा होता.

सूप संपत आलं तेव्हा त्याचा मेसेज आला. "सॉरी बाबा, आजही जमत नाहीये. सूप कसं आहे?"

"छान," मी लिहिलं.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं त्या खुर्चीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. रोज कुणीतरी विचारायचंच, आणि ही खुर्चीवर हात ठेवून मराठीतच सांगायची, "मुलगा येतोय आमचा."

आज हिनं पर्स उचलून मांडीवर घेतली.

"ने गं," ही म्हणाली, "खुशाल ने."