धूसर गोधडी

धारूरमधला फोटो स्टुडिओ बंद केल्यापासून गहिनीनाथची दुपार जाता जात नव्हती. म्हणून पुण्याच्या लेकीनं, वैष्णवीनं, कॅमेऱ्याला लावायचा काळा फिल्टर धाडला. तो लावला की भर उजेडातही शटर चाळीस सेकंद उघडं ठेवता येई.

समोर बाज होती. बायको गेल्यापासून तिची गोधडी तशीच अंथरलेली.

फोटोत भिंत, कोनाडा, बाजेचे पाय, सगळं लख्ख आलं. गोधडी तेवढी मधोमध धूसर.

त्यानं वैष्णवीला फोन लावला. "गोधडीच अशी कावून आली गं?"

"जे हलतं ते धूसर येतं, अण्णा. पंखा बंद करा."

"लाईट न्हाई सकाळपासून. अन् घरात हलणारं कोण हाय आता?"

फोन ठेवून त्यानं दार ओढून घेतलं. शटर उघडता उघडता, जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं तेच सवयीनं तोंडातून गेलं, "श्वास धरा, हलू नका." आणि त्यानं स्वतःचाही श्वास धरला.

चाळीस सेकंदांनी शटर खट्कन मिटलं.

त्यानं श्वास अजून सोडला नव्हता. बाजेवर कुणीतरी सोडला.