कोरा पेपर

“उद्याचा पेपर कोरा दे,” गोविंदराव म्हणाले आणि आपल्याच तोंडून निघालेल्या वाक्याला दचकले.

जन्मभर परभणीच्या शाळेत गणित शिकवलेला माणूस. कोरा पेपर देणाऱ्याला त्यांनी कधी दयामाया दाखवली नव्हती. आणि आज समोर बसली होती परवाना, त्यांच्या माडीवरची भाडेकरू. काबूलहून शेतीतलं पुढचं शिक्षण घ्यायला आलेली. गोविंदरावांच्या बायकोने, पद्मजाकाकूंनी, तिला पोळ्या शिकवल्या, मराठी गल्लीने शिकवलं. परवाना म्हणजे तिच्या भाषेत फुलपाखरू. आपल्याकडे परवाना म्हणजे काय ते सांगायला नको, आणि नेमका तोच आता तिच्याजवळ राहणार नव्हता.

नियम साधा होता. शिकताय तोवर राहा, शिक्षण संपलं की देश सोडा. ती आली तेव्हा परत जायला जागा होती. मग तिकडे राज्य बदललं, मुलींच्या शाळा-कॉलेजांना कुलपं लागली. आसऱ्यासाठी दिल्लीला केलेल्या अर्जाला उत्तर नव्हतं. उरला होता शेवटचा पेपर. त्यात नापास झाली तर आणखी एक वर्ष तिचा मुक्काम कायदेशीर. पास झाली तर बेकायदा. म्हणजे ढ पोरीने खुशाल राहावं आणि हुशार पोरीने गाशा गुंडाळावा! हा उफराटा नियम ज्याने लिहिला, त्याला गोविंदरावांनी गणितात नक्की नापास केलं असतं.

“दगडापेक्षा वीट मऊ, बेटा,” ते म्हणाले. “एक वर्ष मिळंल. तेवढ्यात काही तरी मार्ग निघंल.”

“माझ्या बहिणीला तिकडं परीक्षेच्या दारातून हाकललं, सर. लय रडली ती,” परवाना म्हणाली. “हितं मला कुणी अडवलं न्हाई. अन् मी होऊन कोरा ठिवू?”

 गोविंदरावांना तिचा राग आला, आणि रागाहून जास्त अभिमान वाटला.

तिने पेपर लिहिला. पुरवण्या जोडून जोडून लिहिला. निकाल लागला तेव्हा ती कॉलेजात पहिली होती.

गोविंदरावांनी घाईने दार लोटून घेतलं. “कुणाला बोलू नका. निकाल राखून ठेवलाय म्हणायचं.”

“राखून ठेवायला तिनं काय चोरी केलीय?” पद्मजाकाकू म्हणाल्या. त्यांनी पेढे आधीच मागवले होते. पोरगी पास झाली आणि गल्लीत पेढे गेले नाहीत, असं त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं.

परवानाने पुडा उचलला आणि थेट समोरच्या घराकडे निघाली. गोविंदराव “अगं, अगं” करत दारापर्यंत आले आणि तिथेच थबकले. समोर हवालदार सिद्धोधन राहत होता. परदेशी लोकांची नोंद ठेवायचं काम त्याच्याचकडे होतं. निकाल लागला की कळवा, असं तो त्यांना बजावून गेला होता.

सिद्धोधन वर्दी चढवून ड्यूटीला निघालेलाच होता. त्याने हसत पेढा उचलला. “कशाचे गं?”

“पास झाले, दादा.”

त्याचा हात तोंडाजवळ थांबला. त्याने गल्लीत इकडेतिकडे पाहिलं. समोर दाराला धरून उभे असलेले गोविंदराव पाहिले. मग पेढा तोंडात टाकला आणि चार घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, “नापास झालीस व्हय? आसू दे, आसू दे. हितंच ऱ्हा, पुढच्या बारीला जोर लाव. मी तसंच लिवतो.”

गोविंदरावांचा जीव भांड्यात पडला. भला माणूस. आता पोरीने नुसती मान हलवायची होती, सगळं निभावून गेलं असतं.

परवानाने पुडा पुन्हा त्याच्यापुढे धरला.

“नापास न्हाई, दादा. लिवायचंच तर नीट लिवा. पास झाली. पहिली आली. गेली न्हाई.”