जरा मोठ्यानं

"मला कमी ऐकू येतं," नरेंद्र म्हणाला आणि कॉफीशॉपमधली सगळी माणसं वळून त्याच्याकडे बघायला लागली.

आपण किती मोठ्यानं बोलतो याची त्याला कल्पना नव्हती. उभं आयुष्य भिवंडीतल्या पॉवरलूमवर मिस्त्रीकाम करण्यात गेलेलं. त्या खटखटीत ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नसे. लूम भंगारात गेले, तो पडघ्याच्या एका गोडाऊनवर कामाला लागला, बायको वारली, पण आवाज तेवढाच राहिला.

समोर वनिता बसली होती. राहनाळला पॅकिंगच्या कामाला जाणारी, अबोल बाई. आज ठेवणीतली साडी नेसून आली होती. सगळे बघताहेत म्हटल्यावर तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

दोघांनी घरी भेटायला नको, असं वनिताच्या मुलीनं, धम्मदिनानं, ठरवलं होतं. घरी भेट ठेवली असती तर अख्खी चाळ दाराशी जमली असती. हे कॉफीशॉप तिचंच. कल्याण रोडला, जिथं पूर्वी लूम चालायचे त्या गाळ्यात तिनं ते काढलं होतं. दुपारी कॉलेजची मुलं लॅपटॉप उघडून गुपचूप बसलेली असत. इथं दोघांना निवांत बोलता येईल, असं तिला वाटलं होतं.

काउंटरजवळच्या खुर्चीत धम्मदिनाची आजी, कलावती, बसली होती. म्हणजे वनिताची सासू. विधवा सुनेसाठी नरेंद्रचं स्थळ तिनंच ओळखीपाळखीतून शोधलं होतं. येताना रिक्षात तिनं सुनेला पुन्हा बजावलं होतं, "माझा विषय काढायचा न्हाय. म्हातारी संगं येनार म्हटल्यावर कोन तयार व्हनार? मी नातीजवळ ऱ्हाईन."

धम्मदिनानं दोन कॉफ्या आणून ठेवल्या. फेसावर तिनं पान काढलं होतं. नरेंद्रनं कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"एवढं चांगलं काढलंय. मोडायचं कसं?"

वनिताला हसू आलं. ती हाताआडून काहीतरी पुटपुटली.

"तेवढा हात काढा तोंडावरचा," तो म्हणाला. "लूमवर आम्ही ओठ बघूनच बोलायचो. ओठ दिसले की मला कळतं."

खिडकीशी बसलेल्या मुलीनं कानातले हेडफोन हळूच काढून ठेवले. वनिताचे कान लाल झाले, पण तिनं हात खाली घेतला.

"मी सरळच सांगतो," नरेंद्र म्हणाला. "पिणं न्हाय. स्वैपाक जमतो. पण एकट्याला जेवण जात न्हाय. ताट घेऊन दारात बसतो. जिन्यावरून कोणी गेलं-आलं, तेवढीच सोबत."

कोणाचंच बोट आता लॅपटॉपवर चालत नव्हतं. धम्मदिनानं घाईघाईनं कॉफी दळायचा ग्राइंडर चालू केला. निदान आईचं उत्तर तरी चारचौघांत जाऊ नये. वनितानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि नको म्हणून खूण केली. ग्राइंडर थांबला.

"माझी सासू माझ्याजवळ असते," वनिता म्हणाली.

"कोण?"

"सासू." आवाज चढवायची तिला सवय नव्हती, तो मधेच फाटला. तिनं घसा साफ केला. "माझा नवरा गेला तेव्हा सगळे म्हणाले, हिला माहेरी धाडा. ती म्हणाली, ही कुठं जाणार नाही, ही माझी मुलगी आहे. तिला सोडून मी येणार नाही."

तिकडे कलावती दोन्ही हातांनी नको नको करत होती. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. धम्मदिना येऊन तिच्या पाठीशी उभी राहिली.

नरेंद्रनं कप बाजूला सारला.

"जिना चढतात का त्या?"

"नाही. गुडघे धरलेत."

"मग अवघड हाय. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर."

वनितानं मान हलवली. बाजूला ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली.

"खोली बदलावी लागंल," नरेंद्र आपल्याच विचारात बोलत होता. "तळमजल्याला एक रिकामी होतेय. पण संडास बाहेर हाय, रात्री त्यांना न्यावं लागंल. ते आपण दोघं करू." मग एकदम त्यानं मान वर केली. "पण त्यांना विचारलंय का तुम्ही? त्यांची पण मर्जी पाहिजे ना."

वनितानं काउंटरकडे बोट दाखवलं. 

नरेंद्र उठला. इतका वेळ ही म्हातारी तिथंच बसली होती, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. त्यानं वाकून नमस्कार केला.

"जय भीम, आई," तो म्हणाला, रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "याल ना आमच्याकडं ऱ्हायला?"

कलावतीनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं.  कॉफीशॉपमध्ये सगळे तिच्या उत्तराची वाट बघत होते.

"आजी, काय सांगू त्यांना?" धम्मदिनानं तिच्या कानाशी वाकून विचारलं.

"न्हाय म्हनायचं तर मला बी एवढंच वरडाय लागंल," कलावती हलकेच म्हणाली. "या वयात कुठं वरडत बसू?"