काशाचं पोट

"सोडा! अहो, अजून सोडा श्वास!" मिरिनेने नवऱ्याच्या पाठीत गुडघा रोवला.

"श्वास संपला," दामॉन कण्हला. "आता फक्त जीव सोडायचा राहिलाय."

काशाचं चिलखत दोन फळ्यांचं होतं. एक छातीवर, एक पाठीवर आणि बगलेखाली दोन्ही अडकवणारा खिळा. दामॉनचं लग्न ठरलं त्या वर्षी लोहाराने मापं घेऊन ते घडवलं, समोरच्या फळीवर सपाट, पिळदार पोटही उठवलं. काशाचं पोट तसंच राहिलं. खरं मात्र मिरिनेच्या हातच्या मसुरीवर आणि मधातल्या अंजिरांवर चांगलंच पोसलं गेलं.

आज अर्गोस नगराच्या मैदानावर सेनापती पाहणी करणार होता. ज्याचं चिलखत मिटणार नाही, त्याची रवानगी थेट तटावर, म्हाताऱ्यांच्या पहाऱ्यात. आणि त्या म्हाताऱ्यांचा म्होरक्या होता दामॉनचा सासरा.

"या की जावईबापू!" सासरा सकाळीच दारावरून ओरडून गेला होता. "तुमच्यासाठी तटावर उशी मांडून ठेवलीय!"

मरण परवडलं, पण ती उशी नको, असं दामॉनला अगदी मनापासून वाटत होतं.

मिरिनेने बुधलाभर तेल ओतलं, दातओठ खाऊन फळ्या दाबल्या. खट्! खिळा बसला. तिने आनंदाने गिरकीच घेतली.

दामॉन पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला. वाकायची सोय नव्हती, शिंकायची तर नव्हतीच. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, तरी मनात उकळ्या फुटत होत्या.

सेनापती ब्रासॉन आला. दरवर्षी एकेकाची सालटी काढणारा हा माणूस आज एक शब्द बोलत नव्हता. घोड्यावरही बसला नव्हता. ताठ, लालबुंद चेहऱ्याने तो प्रत्येकासमोर थांबायचा, मान हलवून पुढे सरकायचा. त्याच्या शिव्या बऱ्या, असं सगळ्यांना वाटू लागलं.

दामॉनसमोर येऊन त्याने भुवई उचलली. आता बापासकट नाव सांगायचं, तेही मोठ्याने. दामॉनने तोंड उघडलं. उंदराएवढा आवाज निघाला.

"उशी हलवू नका रे!" मैदानालगतच्या तटावरून सासरा खिदळला.

टण्ण! एक खिळा उडून दामॉनच्या ढालीवर आपटला.

संपलं सगळं. डोळे घट्ट मिटून त्याने बगलेखाली चाचपलं. खिळा जागच्या जागी होता.

त्याने डोळे उघडले. समोर सेनापतीचं चिलखत दारासारखं सताड उघडलं होतं आणि आतून ऐसपैस पोट बाहेर आलं होतं. ब्रासॉनने सकाळपासूनचा पहिला मोकळा श्वास घेतला आणि दिवसाचा पहिला हुकूम सोडला.

"खिळे काढा!"

टण्, टण्, टण्! रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चिलखतं उघडत गेली, पोटं बाहेर पडत गेली. एकही फळी मिटलेली राहिली नाही.

तटावर सासरा उठून उभा राहिला.

"अरे देवा! एवढ्या उशा आणू कुठून?"